देवाचा पलंग

आषाढी जवळ आली की पंढरपुरात देवाचा पलंग काढतात. वारकरी माउलींना हे नव्यानं सांगायला नको. शेजघरातला पलंग निघतो, काकडा आणि शेजारती थांबतात, विठुरायाच्या पाठीशी लोड लागतो, रखुमाईच्या पाठीशी तक्क्या. मग चोवीस तास दर्शन. लेकरं एवढ्या लांबून चालत आली, दारात उभी आहेत, आता आईला झोप कुठली?

गेली बावीस वर्षं मी वारी करते. या लोडाची गोष्ट मी भजनाच्या बायकांना किती वेळा सांगितली असेल, त्याला गणती नाही. सांगताना डोळ्याला पाणी यायचं. पण यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा होते आणि तो पलंग परत घालतात, याविषयी मी कधी बोलले नाही. बोलण्यासारखं त्यात काही आहे असंच वाटलं नव्हतं. ते मला माझ्या नातीनं शिकवलं, आणि त्याआधी माझ्या हातून एक चूक झाली. तीच आज सांगते.

आमचं घर कोयनानगरला. इथला पाऊस ज्यानं पाहिला त्यालाच कळेल. चार महिने भिंतींना ओल, कपड्यांना कुबट वास, आणि धरण भरत आलं की रात्री भोंग्याचा आवाज. घरात आम्ही सहाजण. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, वय अठ्ठ्याहत्तर. आम्ही दोघं. मुलगा, सूनबाई, आणि त्यांची छकुली. सूनबाई पाटणला शाळेत शिकवते. सकाळची एसटी धरायची, संध्याकाळी परत यायचं.

छकुली गेल्या चैत्रात वर्षाची झाली. दिवसा गुणी पोर. वरणभात खायची, नाचणीचं सत्त्व खायची, माझ्या भजनात टाळ घेऊन बसायची. रात्र झाली की दर दोन तासांनी उठायची. रात्रीतून पाच-सहा वेळा. अंगावर घेतलं की दोन घोट प्यायची आणि तोंडात तसंच ठेवून झोपायची. काढून घेतलं की पुन्हा रडायची. सूनबाई सात महिने अशी जागत होती आणि सकाळी पाच वाजता डब्याला उठत होती.

एकदा ती एसटीत झोपली आणि थांबा मागं टाकून पुढं गेली. आम्ही हसलो. मग एके संध्याकाळी चुलीशेजारी, म्हणजे गॅसजवळच, छकुलीला कडेवर घेऊन दूध तापवताना तिची मान कलली. मी तिथंच भाकऱ्या थापत होते म्हणून पोर माझ्या हातात आली. त्या रात्री ती म्हणाली, “आई, मला रात्रीचं पाजणं बंद करायचंय. मला होत नाही आता.”

मी काय बोलले? मी म्हणाले, “आम्ही नाही का जागलो? आई म्हटल्यावर एवढं चालायचंच.”

ती गप्प बसली. माझ्या बोलण्यात मला काही चुकलं असं वाटलंही नाही. मला तर वाटलं, मी धर्माचंच बोलले.

आत्याबाईंचा विरोध माझ्याहून मोठा होता. त्याला कारण होतं.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट. कोयनेचा भूकंप. पहाटे चारनंतर वीस-एकवीस मिनिटांनी जमीन हलली आणि कोयनानगर जवळजवळ झोपल्या जागी कोसळलं. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं; तेवढ्यानं खालची पाटण, कराडपर्यंतची गावं वाचली. आत्याबाई तेव्हा विशीतल्या. सासरे धरणाच्या कामावर रात्रपाळीला होते. घरात आत्याबाई आणि आठ महिन्यांचं बाळ. ते बाळ रडत उठलं. थंडी फार म्हणून त्यांनी शाल ओढली, कंदील मोठा केला आणि दाराशेजारी भिंतीला टेकून बाळाला पाजायला बसल्या. तेवढ्यात भूकंप झाला. त्या बाळासह अंगणात फेकल्यासारख्या बाहेर आल्या. मागं वळून पाहिलं तर जिथं दोघं निजली होती त्या अंथरुणावर दगडी भिंत पडलेली.

ते बाळ म्हणजे माझे यजमान. आज साठीला टेकलेत.

म्हणून आत्याबाई म्हणाल्या, “आगं, त्या रातीला ह्ये पोरगं भुकेनं उठलं नसतं तर आज हितं कोण असतं? लेकरू राच्चं उठतंय ते देवानं उठवलेलं असतंय. त्याला तोंड बांदून निजवू नगा.”

यावर कोण काय बोलणार? आमच्याकडे अजूनही मधूनच जमीन हलते. भांडी वाजतात, कुत्री भुंकतात, आणि आम्ही एकमेकींकडे बघतो. भूकंपाची भीती पुस्तकातली नाही इथं.

सूनबाईनं मग कुणाला न विचारता एका रात्री शेजारणीचं ऐकलं. अंगाला कोरफडीचा चीक लावला. जुनीच रीत ती. अंगावरचं तोडायला कुणी कडुनिंब लावतं, कुणी कोरफड. छकुलीनं तोंड लावलं आणि जी किंचाळली ती थांबेना. रडून रडून उलटी झाली. आत्याबाई काठी टेकत आल्या, पोर ओढून घेतली आणि म्हणाल्या, “आईचं दूद कडू करतीस व्हय गं?” सूनबाई उठून माजघरात गेली आणि भिंतीकडे तोंड करून रडत बसली. मुलगा मध्येच उभा. मी देवघराच्या दाराशी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हरिपाठाला बसले, पण चित्त लागेना. रोजचं पाठ असलेलं, तरी अडखळले. मनात एकच येत होतं: माउली, आई म्हणून आपण देवाला हाक मारतो, आणि घरातली आई माजघरात एकटी रडते, हे कसं चाललंय आपलं?

तेव्हा मला पलंग आठवला.

काही वर्षांपूर्वी आषाढीनंतर मी पंढरपुरात थांबले होते, तेव्हा प्रक्षाळपूजेचा दिवस आला. यात्रेत इतके दिवस देव उभ्यानं जागलेला. म्हणून पूजेच्या दिवशी देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्यानं स्नान घालतात. लोड काढतात, पलंग परत शेजघरात जातो. रात्री देवाला काढा देतात, शिणवटा जावा म्हणून. दुसऱ्या दिवसापासून काकडा, शेजारती पूर्ववत. म्हणजे आमच्या पूर्वजांनी देवाचंही जागरण मोजूनमापून ठेवलं. लेकरांची गरज असते तोवर जाग. गरज सरली की नीज. देव झोपला म्हणून त्याची माया कमी झाली असं आजवर एकाही वारकऱ्याला वाटलं नाही. मग माझ्या सुनेनं झोप मागितली तर तिची माया कशी कमी झाली?

आणि पुंडलिकाचं काय? साक्षात परब्रह्म दारात आलं, आणि त्यानं वीट फेकून सांगितलं, थांब. देवाला नाही म्हटलं नाही, हाकललं नाही, थांब म्हटलं. देव थांबला, आणि त्या थांबण्यातूनच पंढरी उभी राहिली. छकुलीलाही आपण नाही म्हणायचं नाही. थांब म्हणायचं, आणि सकाळ झाली की द्यायचं.

मी उठले, माजघरात गेले आणि सूनबाईजवळ बसले. म्हटलं, “मी चुकले. आपण उद्या डॉक्टरबाईंकडे जाऊ.”

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी आधी छकुलीचं वजन केलं. साडेनऊ किलो. कार्डावरच्या हिरव्या पट्ट्यात नीट बसलं. दिवसाचं खाणं विचारलं. मग त्यांनी जे समजावलं ते मी इथं लिहून ठेवते. कुणा तरण्या आईला, किंवा तिच्या सासूला, उपयोगी पडेल.

पहिले सहा महिने रात्रीचं पाजणं तोडायचा विचारही करायचा नाही. बाळाचं पोट लहान, आणि आईच्या अंगातलं दूध तयार करणारं द्रव्य रात्री जास्त असतं. रात्री पाजलं की दूध टिकतं. या सहा महिन्यांत अंगावरच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको. सहा महिन्यांनी उष्टावण झालं की खाणं हळूहळू वाढतं आणि रात्रीची भूक आपोआप कमी व्हायला लागते. तरीही पुष्कळ बाळं एक-दोनदा उठतात, आणि त्यांना पाजावं. वर्ष झालं, वजन नीट वाढतंय, दिवसा पोटभर खातंय, अशा बाळाला मग रात्रीच्या दुधाची गरज उरत नाही, सवय उरते. ती सोडवली तर बाळाचं नुकसान नाही. उलट रात्रभर दुधावर राहिलेलं मूल दिवसा कमी खातं, आणि नुसत्या दुधानं लोह पुरत नाही. बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांचे तर पुढचे दात किडतात.

पण दोन गोष्टी त्यांनी बजावल्या. रात्रीचं सोडवणं म्हणजे अंगावरचं तोडणं नव्हे. दिवसा दोन वर्षांपर्यंत, हवं तर त्याहून पुढंही पाजावं. आणि बाळ कमी दिवसांचं जन्मलेलं, वजनानं मागं, आजारी, किंवा दात येताना बेजार असेल, तर घाई करायची नाही.

मी त्यांना विचारलं, “आणि एकदम बंद केलं तर?”

त्या म्हणाल्या, “आजी, तुम्ही धरणाशेजारी राहता. दरवाजे कसे उघडतात?”

मी हसले. कोयनेला सहा वक्र दरवाजे. १०५ टीएमसीचं धरण भरत आलं की दरवाजे सताड उघडत नाहीत. आधी फूट, मग दीड, मग तीन. नाहीतर खाली कराड-सांगलीचं काय होईल? डॉक्टरबाई म्हणाल्या, आईच्या अंगाचंही तसंच. एकदम पाजणं थांबवलं तर दूध साठतं, गाठ होते, ताप येतो. गाठ दुखायला लागली, अंग तापलं तर यायला उशीर करू नका. आणि बाळाचं मनही तसंच. फुटाफुटानं.

मे महिन्याची सुट्टी होती. सूनबाईला शाळा नव्हती, पाऊस लागला नव्हता. आम्ही तेव्हाच धरलं. मूल पहिल्यांदा पाळणाघरात जातंय, घर बदलतंय, आई कामावर परत निघालीय, अशा वेळी हे काढू नये.

पहिला बदल दिवसाचा. संध्याकाळी सातला मऊ वरणभात, वर तूप. साडेआठला अंगावर पाजायचं, पण दिवा चालू ठेवून, छकुली जागी असताना. मग ओल्या फडक्यानं दात पुसायचे आणि हरिपाठ संपेपर्यंत मांडीवर. दूध पिता पिता झोप लागायची तिची सवय होती. ती गाठ आधी सोडवली. निजली की झोप, उठली की दूध, असं तिच्या मनात बसलं होतं.

दुसरा बदल रात्रीचा. सूनबाई पाजायची ती वेळ रोज थोडी कमी. दहा मिनिटं, मग आठ, मग पाच. आधी साडेअकराचं सोडवलं, मग दीडचं. पहाटे चारचं शेवटपर्यंत ठेवलं, कारण त्या वेळी तिला खरोखर भूक असायची.

तिसरा बदल माझ्या मुलाचा, आणि तो सगळ्यात अवघड. रात्री छकुली उठली की आधी बापानं जायचं, असं ठरलं. तो म्हणाला, “मला बघून ती जास्त रडंल.” मी त्याला म्हटलं, “जनाबाईच्या जात्याला हात लावायला प्रत्यक्ष देव आला, असं आपण कीर्तनात ऐकतो आणि मान डोलावतो. दळण बाईचं, पण खुंटा दोघांनी धरायचा. तू तुझ्या बायकोच्या जात्याला हात लावायला लाजतोस?”

पहिल्या रात्री छकुली पाऊण तास रडली. पण एकटी नाही. बापाच्या खांद्यावर, पाठीवर हात, वाटीतून घोटभर पाणी. मी दाराआडून ऐकत होते. बाळ एकटं टाकून रडवणं वेगळं, आणि कुशीत घेऊन रडू देणं वेगळं. आपणही पांडुरंगापुढं रडतोच की. मागितलं ते सगळं मिळतं असं नाही, पण तो समोर उभा असतो. तिसऱ्या रात्री ती दहा मिनिटांत झोपली. पाचव्या रात्री दाढेची हिरडी सुजून ताप आला. आम्ही सगळं थांबवलं, दोन रात्री मागेल तेव्हा पाजलं. मुलगा म्हणाला, “पुन्हा पहिल्यापासून?” पण तसं झालं नाही. ताप उतरला आणि दोन दिवसांत गाडी जिथं थांबली होती तिथून पुढं निघाली.

या दिवसांत शेजारच्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, “पूर्वी एक गोळी द्यायचे, लेकरू गप निजायचं.” मला अंगावर काटा आला. ती बाळगोळी म्हणजे अफू. आमच्या पाटण तालुक्यातली किती कुटुंबं मुंबईला गिरणीत गेली. तिथं कामावर जाणाऱ्या आया बाळ झोपावं म्हणून ती गोळी द्यायच्या, त्याच्या नोंदी त्या काळच्या सरकारी अहवालांत आहेत. त्या बायकांना दोष कसा देऊ? त्यांच्या जात्याला हात लावायला कुणी नव्हतं. पण झोपेचं औषध, गोळी, चाटण, काहीही बाळाला द्यायचं नाही, हे मात्र माउलींनो पक्कं ध्यानात ठेवा.

राहिलं पहाटे चारचं. आणि राहिल्या आत्याबाई.

त्या इतके दिवस काही बोलल्या नव्हत्या. जेवणावर लक्ष नव्हतं त्यांचं. ज्येष्ठ लागला, पालखीच्या प्रस्थानाचा दिवस जवळ आला. आमची दिंडी लोणंदला सामील होते. मी ठरवलं होतं, यंदा जाऊ नये. पहाटेचं अजून सुटलं नव्हतं, शाळा सुरू होणार होती. बावीस वर्षांचा नेम मोडणार म्हणून आतून तुटत होतं, पण बोलले नाही.

त्या रात्री चार वाजता छकुली उठली. मी उठायच्या आत आत्याबाई उठलेल्या. १९६७ पासून त्या पहाटे चारला जाग्या होतात. त्या रात्रीनंतर एकही पहाट त्या झोपल्या नाहीत; अंथरुणात बसून माळ ओढतात. हे मला तीस-पस्तीस वर्षं माहीत होतं आणि त्याचा अर्थ मात्र त्या दिवशी कळला. भिंत पडून सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षं झाली, पण आत्याबाईंचा पलंग कुणी परत घातलाच नव्हता.

त्यांनी छकुलीला मांडीवर घेतलं. माळ तिच्या हातात दिली आणि डुलत डुलत “विठ्ठल विठ्ठल” म्हणत राहिल्या. पोर माळेशी खेळता खेळता त्यांच्या मांडीवर झोपली. मी दारात उभी होते. आत्याबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “घरात कुणीतरी जागं असावं, एवढंच माजं म्हननं हुतं. तिनंच जागावं असं न्हाई. मी हाय की जागी. निजू दे पोरीला. आन् तू वारीला जा.”

फलटणच्या मुक्कामी सूनबाईचा फोन आला. आवाज ताजा होता. म्हणाली, “आई, काल रात्री नऊ ते पहाटे चार. सलग. आजींनी घेतलं, पाच वाजता मी पाजलं. मी सात तास झोपले. मला वाटलं, काहीतरी विसरलेय की काय.” मागून छकुलीचा आवाज येत होता आणि आत्याबाईंचा. त्या तिला टाळ कसा धरायचा ते शिकवत होत्या.

यंदा पंढरपुरात दर्शनाच्या रांगेत उभी असताना देवाच्या पाठचा लोड दिसला. नेहमीसारखं डोळ्याला पाणी आलं. पण यंदा मनात आणखी एक गोष्ट आली. म्हटलं, पांडुरंगा, आता आम्ही घरी जातो. तूही थोडा नीज.

माउलींनो, घराघरात जागणारी एक आई असते. तिच्या जागरणाचं कौतुक आपण करतोच. तिचा पलंग परत घालायची वेळ आली की तोही आपणच घालावा.

रामकृष्ण हरी.